वांग्याच्या भाजीतला झिंगा

हे प्रकरण गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावचं आहे. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. सगळे एका घरात राहतात आणि मीही त्याच गावात राहते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लग्न मीच जुळवलं होतं, आणि ज्या एका शब्दावरून ते मोडायची वेळ आली, तो शब्द मुलीच्या आईला फोनवर मीच सांगितला होता. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवणं मला भाग आहे.

घडलं ते असं

लग्नाचे पाहुणे पांगले आणि चौथ्या दिवशी नवी सून पहिल्यांदा घरच्या माणसांसोबत जेवायला बसली. भात, तुरीचं वरण, वांग्याची रस्साभाजी, लोणचं. मंगळवार होता. दुसऱ्या घासाला तिच्या दाताखाली काहीतरी कुरकुरलं. तिनं ते बोटानं काढून ताटाच्या कडेला ठेवलं. तांदळाच्या दोन दाण्यांएवढं, गुलाबीसर, आकडीसारखं वळलेलं. टोकाला खसखशीएवढा काळा डोळा आणि केसासारख्या दोन मिश्या.

"आत्या, हे काय आहे?" तिनं सासूला विचारलं.

"झिंगे आहेत ना माय, सुके. चवीपुरते टाकलो."

ती ओरडली नाही की ताटावरून उठून पळाली नाही. हात धुतला आणि मोरीजवळच्या पाट्यावर बसून राहिली. त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी फक्त गुळाचा चहा घेतला. घरातल्यांना वाटलं, नवीन पोरगी आहे, माहेरची आठवण येत असेल. तिसऱ्या दिवशी सासूनं स्वतःच्या हातानं पोळी-दूध आणून दिलं, तेव्हा ती म्हणाली, "या घान भांड्यातलं मी खात नाही." ही गोष्ट सासूच्या जिव्हारी लागली. दोघी वेगवेगळ्या खोल्यांत रडत बसल्या, आणि संध्याकाळी मुलीच्या आईचा मला फोन आला. दंडवत नाही, खुशाली नाही. एकच वाक्य: "तू तर शाकाहारी म्हणाली होतीस."

शब्द कुठून आला

मुलगी अमरावती जिल्ह्यातली, मोर्शी तालुक्यातली. तिची आई माझी बालमैत्रीण. घर महानुभाव पंथाचं. रिद्धपूर जवळच, त्यामुळे लहानपणापासून गोविंदप्रभूंच्या आणि चक्रधरस्वामींच्या गोष्टी ऐकत वाढलेली. शिकारी कुत्र्यांना भिऊन धावत आलेल्या सशाला स्वामींनी मांडीखाली आसरा दिला, ही लीळाचरित्रातली गोष्ट तिच्या घरात पोरांना निजवताना सांगतात. मांस, मासा, अंडं, दारू हे सगळं त्या घरात वर्ज्य आहे, आणि ते केवळ आवडीनिवडीतून नाही. मुलीनं उपदेश घेतलेला आहे. तिच्या दृष्टीनं तो घास पोटात गेला म्हणजे दिलेला शब्द मोडला.

मुलाचं घर इकडचं, धानपट्ट्यातलं. सासऱ्यांनी पंढरपूरहून आल्यावर मटण-कोंबडी सोडली, तेव्हापासून घरात दोन्ही शिजत नाही. लग्नकार्यातही कोणी पाहुणा बोकडाचं नाव काढत नाही, इतकं ते पक्कं आहे. मासे मात्र सुटले नाहीत, आणि सोडायचे असं कोणाच्या मनातही आलं नाही. मुलाचा बायोडाटा तालुक्याच्या ठिकाणी कॉम्प्युटरवाल्यानं आपल्या तयार नमुन्यावरून काढून दिला. त्यात 'आहार' या शब्दापुढे 'शुद्ध शाकाहारी' असं आधीच छापलेलं होतं. ते कोणी खोडलं नाही.

मैत्रिणीनं तो कागद वाचला तरी मला फोन करून विचारलं, "खाणंपिणं कसं आहे गं त्यांचं? आमचं तुला माहीत आहे." मी म्हणाले, "घरात मटण-कोंबडी येत नाही. शाकाहारीच म्हण."

त्याआधीच्याच दिवाळीत मी त्या घरी मरळ मासोळीचा रस्सा भातावर घेऊन जेवले होते.

मला फसवायचं नव्हतं. पण बावीस वर्षं या भागात राहून माझा कान बदलला होता. इथे "तुम्ही खाता का?" असं विचारलं की माणूस बोकड-कोंबडीचं उत्तर देतो. मासोळीचा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. मी अमरावतीकडच्या माणसाला इकडचं उत्तर दिलं. कसूर तिथे झाली आणि ती माझी आहे.

इकडे मासा म्हणजे काय

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायला हवं, नाहीतर सासरची माणसं लबाड वाटतील. भंडारा-गोंदिया हे तलावांचे जिल्हे. गावोगावी मालगुजारांच्या काळातले तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी समाजानं हे तलाव बांधण्यात पिढ्या घातल्या. तलावाच्या पाण्यावर धान, आणि त्याच पाण्यात मासा. पहिला पाऊस जोरात कोसळला की तलावातली मासोळी प्रवाहाच्या उलट चढत ओढ्यात येते, ओढ्यातून धानाच्या बांध्यांत शिरते. शाळकरी पोरं कमरेपर्यंत पाण्यात, हातात टोपलं. त्या दिवशी माझ्या वर्गात निम्मी हजेरी असते आणि मी रागावत नाही.

मग घराघरांत वाघूर, शिंगूर, मरळ. जास्तीची मासोळी आणि झिंगे वाळवून मडक्यात भरून ठेवायचे. उन्हाळ्यात भाजी मिळत नाही तेव्हा मूठभर सुके झिंगे तव्यावर भाजून, चोळून वांग्यात टाकले की भाताला चव येते. ज्या बाईनं चाळीस वर्षं असाच स्वयंपाक केला, तिच्या हाताला झिंगे हे तिखट-हळदीच्याच ओळीतले. सासूबाई "चवीपुरते टाकलो" म्हणाल्या त्यात तिळभर लपवाछपवी नव्हती. सुनेला त्रास द्यायचा असता तर त्यांनी ते नाव घेऊन सांगितलंच नसतं.

मीही मासे खाते, हे सांगून टाकते. इकडे बदली झाल्यावर शिकले. माहेरी ते कधी बोलले नाही. मैत्रिणीला फोनवर मी जे अर्धं उत्तर दिलं, त्यात या न बोलण्याचाही वाटा होता, असं मला आता वाटतं.

घरातलेच पुरावे

फोन आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या घरी गेले. भांडण मिटवायला म्हणून गेले होते, पण आधी बघत बसले. मासे शाकाहारात बसतात की नाही, याचं उत्तर मला पुस्तकात शोधायची गरज पडली नाही. ते त्या घराच्या रांधणीत मांडून ठेवलेलं होतं.

मासोळीची गंजी वेगळी होती. चुलीजवळच्या फळीवर बाकी भांडी ओळीनं लावलेली, आणि ही एकटी मागच्या पडवीत, खुंटीला. तिची पळीही तिच्यासोबतच. मी सासूबाईंना विचारलं, एकादशीला झिंगे टाकता का भाजीत? त्यांनी जीभच चावली. श्रावणात? "नाई जी, श्रावनात कसे खाऊ?" गावात सप्ताह बसतो तेव्हा? "तवा तं मडकंच उघडत नाई."

म्हणजे ज्या दिवशी शाकाहार पाळायचा, त्या दिवशी या घरात मासा बंद असतो. घर स्वतःच मासा वेगळा मोजतं. फक्त कागदावर आणि पाहुण्यांसमोर तो मोजला जात नाही.

कोकणातल्या सारस्वतांकडेही हेच दिसतं. त्यांच्या मासे खाण्याला महाभारतातल्या शल्यपर्वाचा आधार सांगतात: बारा वर्षांचा दुष्काळ पडला, तेव्हा सरस्वती नदीनं आपल्या मुलाला, सारस्वत मुनीला, मासे खाऊन जगायला सांगितलं आणि त्यामुळे वेद टिकले. ब्राह्मण असून मासे खातात, आणि अभिमानानं खातात. पण सोमवार पाळणारं घर सोमवारी मासळी आणत नाही. आणि 'आम्ही शाकाहारी' असं त्यांच्यातलं मासे खाणारं माणूस म्हणताना मी तरी ऐकलेलं नाही.

याहून जवळचं उदाहरण आमच्याच तालुक्यात आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात अरुणनगरसारख्या बंगाली वसाहती आहेत. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना तिथे वसवलं. तिथल्या एक शिक्षिका माझ्यासोबत प्रशिक्षणाला होत्या. माशाशिवाय त्यांच्याकडे लग्न लागत नाही, लग्नात मासा सजवून पाठवतात. मी त्यांना विचारलं, मासे शाकाहारात धरता का हो? त्या म्हणाल्या, आमच्यात बिनमाशाच्या जेवणाला 'निरामिष' म्हणतात. पूर्वी विधवांना मासा बंद असायचा, म्हणजे त्यांचं जेवण निरामिष. मासा ताटात आला की ते आमिष. 'आमिष' हा शब्द आपल्याकडेही आहे, पण आपण तो गळाला लावायच्या चाऱ्यासाठी आणि कोणाला लालूच दाखवायची तर वापरतो. मूळ संस्कृतात त्याचा अर्थ मांस. माशावर ज्यांचा सगळ्यात जास्त जीव, त्यांच्या भाषेत हा हिशेब सगळ्यात स्वच्छ आहे.

मी परत निघाले तेव्हा सांदवाडीच्या, म्हणजे परसाच्या, दारात ढिवराची बाई घमेलं घेऊन आली होती. या घरी ती नेहमी मागच्याच दारानं येते. तिनं सुनेचा 'घान' शब्द ऐकला होता. गावात असं काही लपत नाही. ती मला म्हणाली, "बाई, घान कायची? माहे दोन पोरं याच्यावरच शिकले." मग मी सहज म्हणाले, इथे तर मासोळीला भाजीतच धरतात. तिनं घमेल्यावरचं ओलं पोतं बाजूला केलं. आत वाघूर अजून हलत होते, एकावर एक सरकत, मिश्या हलवत. "भाजी कोन म्हनते? जीव आहे थो. मी जाळ्यातून काढतो, मले मालूम नाई का?"

जी बाई रोज मासा मारते आणि विकते, तिला त्याला भाजी म्हणायची गरज पडत नाही. ही गरज मागच्या दारानं घेणाऱ्याला पडते.

बैठक

फोननंतर चौथ्या दिवशी मुलीची आई आणि मोठा भाऊ आले. ओसरीवर बसलो. पंच बोलावू नका असं मी आधीच सांगितलं होतं. एकदा बाहेरची चार माणसं बसली की गोष्ट जातीवर जाते, आणि मग ती कोणाच्याच हातात राहत नाही.

सासरे शांत माणूस. म्हणाले, "आमी खोटं नाई बोललो जी. मटन-कोंबडी सोडली ते सोडलीच. मासोई पान्यातली आहे. तिले कापत नाई, पान्याबाहेर काढली का आपोआपच मरते."

मुलीचा भाऊ तटकन म्हणाला, "माणसालाही पाण्यात दाबलं तर तो आपोआपच मरतो." शब्द कडक होता, पण खोटा नव्हता. माशाला रक्त असतं, ते लालच असतं. पाठीचा कणा असतो, डोळे असतात. तो ओरडत नाही एवढंच. सरकारी व्याख्येतही यावर वाद नाही. अन्नाच्या लेबलांचे जे नियम आहेत त्यांत पशुपक्ष्यांसोबत गोड्या आणि खाऱ्या पाण्यातले प्राणी आणि अंडी हे सगळं मांसाहारात धरलं आहे. दूध, दुधाचे पदार्थ आणि मध तेवढे वगळले आहेत. माझ्या पाचवीच्या पोरांना हिरवा ठिपका ओळखता येतो. 2020 च्या नियमांनी मांसाहाराची खूण गोळ्याऐवजी तपकिरी त्रिकोणाची केली. पाकीटबंद सुके झिंगे घेतले तर त्यावर हाच त्रिकोण असायला हवा. मडक्यातल्या झिंग्यांवर खूण नसते, एवढाच फरक.

जावई शिकलेला आहे. त्यानं दुसरा मुद्दा काढला. "मावशी, बाहेरच्या देशांत मासे खानारे सोताले व्हेजिटेरियन म्हनतात. मी मोबाइलवर वाचलं."

काही जण तसं म्हणतात, हे खरं आहे. कॅथलिक ख्रिस्ती परंपरेत शुक्रवारी मांस वर्ज्य, पण मासे चालतात. तिथे मांस म्हणजे जमिनीवरच्या प्राण्यांचं आणि पक्ष्यांचं. तोच अर्थ पुढे खाण्याच्या बोलण्यातही राहिला. पण इंग्लंडमध्ये 1847 साली स्थापन झालेली शाकाहारी मंडळींची संस्था मासे शाकाहारात धरत नाही, आणि तिकडे मासे खाऊन बाकी मांस न खाणाऱ्यांना आता वेगळाच शब्द आहे, पेस्कटेरियन. वेगळा शब्द करावा लागला, याचाच अर्थ जुना शब्द पुरत नव्हता. आपल्याकडे तर तो कधीचा आहे: मत्स्याहारी.

तेव्हा मला गांधीजींची एक गोष्ट आठवली, आणि ती मी ओसरीवर सांगितली. सेवाग्राम आपल्याच विदर्भातलं, त्यामुळे गांधीजींचं नाव निघालं की इकडचा माणूस ऐकून घेतो. 1888 साली विलायतेला जाताना त्यांनी आईला शब्द दिला होता की मांसाला शिवणार नाही. तिकडे गेल्यावर त्यांना मांसाच्या तीन व्याख्या सापडल्या. पहिलीत फक्त पशुपक्ष्यांचं मांस वर्ज्य, म्हणजे मासे आणि अंडी चालतात. दुसरीत प्रत्येक जिवाचं मांस वर्ज्य, म्हणजे मासे गेले, अंडी राहिली. तिसरीत अंडी आणि दूधही गेलं. पहिली व्याख्या घेतली असती तर मासे खाता आले असते आणि शब्दही मोडला नाही असं म्हणता आलं असतं. त्यांनी ती घेतली नाही. शब्द आईला दिला होता, तेव्हा आईच्या मनात 'मांस' म्हणजे जे होतं तोच अर्थ मला बांधतो, असं त्यांनी आत्मकथेत लिहिलं आहे. ज्यानं शब्द घेतला त्याच्या मनातला अर्थ धरायचा, देणाऱ्याच्या सोयीचा नाही.

हे सांगताना माझा आवाज जड झाला, कारण मी मैत्रिणीकडे बघत होते. तिच्या मनात 'शाकाहारी' म्हणजे काय होतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी तिची सगळ्यांसमोर माफी मागितली. ती काही बोलली नाही. पदर सारखा केला आणि मान हलवली.

पण खरी गाठ सुटली ती माझ्या बोलण्यानं नाही. सासऱ्यांना मी एकच गोष्ट विचारली. मागच्या सप्ताहात कीर्तनकार महाराजांनी त्यांना माळ घाला म्हणून सांगितलं होतं, हे गावाला माहीत होतं. मी म्हणाले, "मामाजी, तुम्ही तेव्हा माळ का घातली नाही?"

ते लगेच म्हणाले, "माळ घातली का मासोई सोडा लागते जी. मासोई सुटत नाई ना माही. मग माळ घालून खोटं कायले वागू?"

आणि थांबले. ओसरीवर कोणीच बोललं नाही. बाहेर कोणीतरी बैल हाकत गेला, त्याच्या घुंगरांचा आवाज जाईपर्यंत आम्ही तसेच बसून होतो. मग ते सुनेकडे बघून म्हणाले, "तुह्या मायले हेच सांगा लागत होतं. इठ्ठलाले खोटं नाई बोललो, तं यायलेच कायले बोललो."

कित्येक माळकरी माळ खुंटीला टांगून रस्सा ओरपतात, हे आपण बघतो. या माणसानं माळ घातलीच नाही, कारण त्याला मासा आवडतो आणि नेम मोडायचा नव्हता. इतका सरळ माणूस बायोडाट्यातल्या एका ओळीपाशी घसरला. का घसरला, याचा मी नंतर बराच विचार केला. मला वाटतं, 'शाकाहारी' हा आपल्याकडे फक्त जेवणाचा शब्द राहिलेला नाही. तो लिहिला की घर वरचं वाटतं, स्थळ चांगलं वाटतं. 'मासे खातो' लिहिलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे लगेच जात येते. ज्या तलावानं गाव पोसलं, त्या तलावातलं अन्न कागदावर लिहायची लाज वाटते, हे मला फार लागलं. मासे शाकाहारात बसत नाहीत, हे मी ठामपणे म्हणते. पण ते बसवायची धडपड माणसं का करतात हेही बघायला हवं. धानपट्ट्यातल्या माणसानं मासा खाण्यात कमीपणा काहीही नाही. कमीपणा आहे तो दुसऱ्या शब्दाच्या आड उभं राहण्यात.

आणि म्हणूनच त्या दिवशी मी मुलीलाही सोडलं नाही. तिला आत नेऊन सांगितलं, तुझा नेम मोडला, त्याचं मला दुःख आहे, चूक माझी आहे. पण 'घान' हा शब्द तू परत घ्यायचा. तुझ्या सासूनं तुला विष नाही घातलं, तिच्या हाताला जे सगळ्यात चवदार माहीत होतं ते घातलं. मांडीखाली ससा घेणाऱ्यांची गोष्ट तू ऐकलीस ना? मग माणसाच्या मनाला लागेल असं बोलू नये, हेही त्यातच येतं. ती खूप वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मावशी, मले कोनी आधी सांगतलं असतं तं मी भांडलीच नसती. मी लग्नच केलं नसतं, नाहीतर समजून केलं असतं." हे वाक्य मला अजून टोचतं. दोन्ही पर्याय तिचे होते, आणि दोन्ही आम्ही तिच्या हातातून काढून घेतले होते.

ती सासूकडे गेली आणि पाया पडली. सासू म्हणाली, "तुले नाई चालत तं नाई चालत माय. सांगाचं ना." दोघींत तेवढंच बोलणं झालं.

पुढे

मुलीनं आपल्या पंथाच्या रीतीप्रमाणे काय करायचं ते माहेरी जाऊन केलं. त्यात मी पडले नाही, तो तिचा आणि तिच्या गुरूंचा विषय. पंधरा दिवसांनी ती परत आली, स्वतःहून.

घर एकच राहिलं. वेगळं राहा असं तिच्या भावानं सुचवलं होतं, तिनंच नको म्हटलं. तिनं काही भांडी माहेरून आणली. मासोळी पडवीतल्या चुलीवर शिजते आणि ती सासू किंवा नवरा शिजवतो. वांग्याची भाजी आता नेहमी कोरडी म्हणजे बिनझिंग्याची होते. ज्याला हवे त्यानं भाजलेले झिंगे वरून घ्यायचे, त्यासाठी झाकणाची वेगळी वाटी आहे. सासरे म्हणतात, वरून घेतल्यानं कुरकुरीत लागतात.

पुढच्या वर्षी तिला दिवस गेले तेव्हा गावातल्या बायकांनी धोशा लावला, की मासोळी खाल्ली नाही तर बाळ अशक्त निपजेल. मासा चांगलं अन्न आहे यात वाद नाही. पण न खाणाऱ्या बाईला त्याची सक्ती कशाला? आरोग्य केंद्रातून लोह-फॉलिकच्या गोळ्या चालू होत्या. घरात तूर, चणा, लाखोळीची डाळ, जवसाची चटणी होती. बी-12 जीवनसत्त्व वनस्पतीत नसतं, दुधात-दह्यात असतं, म्हणून सासूनं रोज सकाळ-संध्याकाळ दुधाचा पेला तिच्या हातात द्यायला सुरुवात केली आणि नर्सबाईंना ते आठवणीनं सांगितलं. तपासणीत जे सांगितलं ते ती करत गेली. मुलगी झाली, नीट आहे.

ती मुलगी पुढे काय खाईल, यावर नवराबायकोचं अजून एकमत नाही. तो म्हणतो, मोठी झाली की तिचं ती ठरवेल. ही म्हणते, तोपर्यंत माझ्या ताटातलं. सध्या पोर वरण-भात खाते.

यंदा धाकट्या मुलासाठी स्थळं बघणं चालू झालं. सासरे बायोडाट्याचा कागद घेऊन माझ्याकडे शाळेत आले. कॉम्प्युटरवाल्यानं पुन्हा 'शुद्ध शाकाहारी' छापून दिलं होतं. त्यांनी ते पेनानं खोडलेलं होतं आणि वरच्या मोकळ्या जागेत माझ्याकडून लिहून घेतलं: 'घरी मटण-कोंबडी नाही. मासे खातो. मोठी सून शाकाहारी आहे, तिचं जेवण वेगळं असतं.' पहिल्या दोन स्थळांतून एकाचा नकार तिथल्या तिथे आला. मी जरा हळहळले. ते म्हणाले, "बरं झालं ना बाई. पंगतीत बसून समजन्यापरीस हे बरं." आणि कागदाच्या पाच झेरॉक्स काढायला पोराला पाठवलं.